घर आणि कचेरी : धमकीचा फोन आला तर...

मैत्रिणींनो, आजचा विषय या सदराला जरा वेगळाच वाटेल. पण तुमच्यापैकी कितीतरी जणी बँकेत, शाळेच्या कार्यालयात, दवाखान्यात, टपाल कचेरीत, नगरपालिकेत नोकरी करता. आणि अशा ठिकाणी फोन वाजला की तो सगळ्यांत आधी कोण उचलते? बहुधा एखादी बाईच! म्हणून हे आपल्यालाच माहीत हवे.

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, "आमच्या ऑफिसात कोणी बॉम्बची धमकी दिली तर मी नक्की काय करायचं? आमचे साहेब म्हणतात, असले फोन खोटेच असतात, लक्ष देऊ नका."

साहेबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बहुतेक धमक्या पोकळच निघतात. १ मे २०२४ रोजी दिल्ली आणि आसपासच्या शंभरावर शाळांना बॉम्बचे ई-मेल आले. शाळा रिकाम्या केल्या, आईबाप धावत सुटले, पण हाती काहीच लागले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत रिझर्व्ह बँकेलाही अशीच धमकी आली होती.

पण १२ मार्च १९९३ हा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि दोन-सव्वादोन तासांत शहरभर स्फोटांची मालिकाच लागली. २५७ माणसे गेली. त्यांतली कितीतरी आपल्यासारखीच डबा घेऊन कामावर आलेली होती.

तेव्हा फोन खरा की खोटा, हे फोन घेणारीने ठरवायचेच नाही. ते तिचे काम नव्हे. तिचे काम तीनच शब्दांचे : ऐकणे, लिहिणे, सांगणे. पुढचे ठरवायला अधिकारी आणि पोलीस आहेत. ही वाटणी आधी झालेली असली की निम्मी घबराट तिथेच ओसरते.

फोन कानाशी असताना

पहिली गोष्ट, फोन आपटू नका. "कोण रे मेल्या तू?" असे तोंडात आले तरी गिळून टाका. त्याला बोलू द्या. तो जितका जास्त बोलेल तितके पोलिसांच्या हाती जास्त लागते. शेजारच्या बाईंना हाताने खूण करा किंवा कागदावर "बॉम्बचा फोन" एवढे लिहून पुढे सरकवा. मोठ्याने ओरडू नका.

त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. आपल्या शुद्ध भाषेत सुधारून घेऊ नका! तो "उडवून टाकीन" म्हणाला की "उडणार आहे" म्हणाला, यातही फरक असतो. जमेल तसे शांत आवाजात विचारा. माणूस चिडलेला असला की विचारल्यावर कधी कधी सांगूनही जातो.

खालचा मजकूर कापून फोनजवळ चिकटवून ठेवा :

१. बॉम्ब कुठे ठेवला आहे?
२. केव्हा फुटणार आहे?
३. दिसायला कसा आहे? पिशवीत, डब्यात, गाडीत?
४. तो तुम्ही ठेवलात का? कशासाठी?
५. तुमचं नाव काय? कुठून बोलता?
६. फोन आल्याची वेळ, संपल्याची वेळ, दिसलेला नंबर.
७. आवाज : बाईचा, पुरुषाचा की मुलाचा? बोली कोणती? चिडलेला, शांत, प्यायलेला, की लिहिलेले वाचून दाखवणारा?
८. मागचे आवाज : रेल्वे, रहदारी, गाणी, यंत्र, मुले?

मागच्या आवाजाचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण कुकरच्या शिट्टीवरून शेजारणीकडे डाळ शिजली की बटाटे हे ओळखणारे आपले कान इथे फार कामाचे आहेत.

तिकडून फोन बंद झाला तरी जुन्या पद्धतीचा फोन असेल तर रिसीव्हर खाली ठेवू नका, बाजूला काढून ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून कळवा. मोबाइलवर धमकी आली असेल तर नंबर पुसू नका. ई-मेल किंवा मेसेज असेल तर उत्तर देऊ नका, पुसू नका आणि "बघा काय आलंय" म्हणून मैत्रिणींना मुळीच पाठवू नका. तो पुरावा आहे. महाराष्ट्रात ११२ फिरवला की पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशी सगळीच मदत मिळते. हा आकडा घरातल्या मुलांनाही पाठ हवा.

शोध घ्यायचा तो ओळखीच्या डोळ्यांनी

बॉम्बशोधक पथक कुत्री आणि यंत्रे घेऊन येते, पण तुमच्या खोलीत कोणती वस्तू तुमची नाही, हे त्यांना कसे कळणार? आपल्या फडताळात एखादा परका डबा आला तर घरच्या बाईला दारातूनच दिसतो ना? तसेच हे. म्हणून पोलिसांनी सांगितले तर ज्याने त्याने आपापली जागा डोळ्यांनी तपासावी. आधी जमिनीपासून कमरेपर्यंत, मग कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, मग तिथून छतापर्यंत. जिना, संडास, पाण्याचा कूलर, कचऱ्याचा डबा, जिथे कोणीही सहज जाऊ शकते अशा जागा मुळीच विसरू नयेत.

परकी वस्तू दिसली तर? हात लावू नका. उचलू नका, हलवू नका, पाण्यात टाकू नका, वर काही झाकू नका. "कुणाची आहे बघू" म्हणून चेन उघडू नका. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत बेवारस पिशवीतला बॉम्ब फुटून १७ जण दगावले. बेवारस पिशवी चांगुलपणाने उघडून बघायची नसते, हा धडा तेव्हा फार महागात शिकावा लागला. तिच्याजवळ उभे राहून मोबाइलवरही बोलू नका. लोकांना दूर करा, जागा लक्षात ठेवा आणि तिथून निघा.

टपालाने आलेल्या पाकिटाबद्दलही असेच. तेलाचे डाग, बाहेर आलेली तार, चमत्कारिक वास, गरजेपेक्षा कितीतरी जास्त तिकिटे, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, असे दिसले तर पाकीट हळूच खाली ठेवा आणि खोलीबाहेर पडा.

बाहेर पडताना

आगीच्या वेळी आपण काय शिकतो? सामान टाका, दारे लोटा, पळा. बॉम्बच्या धमकीत नेमके उलटे आहे. बाहेर पडायला सांगितले की आपली पर्स, डबा, छत्री हाताशी असेल तर बरोबर घ्या. कारण मागे पन्नास पर्स आणि पन्नास डबे राहिले, तर पथकाला पन्नास संशयित वस्तू तपासाव्या लागतील! दारे-खिडक्या उघड्या ठेवा. लिफ्ट नको, जिन्याने उतरा. मात्र एखादी वस्तू आणायला मागे फिरू नका, ती राहिली तर राहू द्या.

धमकी आली की लगेच सगळ्यांना बाहेर काढायचे असेही नाही. बाहेरची वाट आधी कोणीतरी पाहून घ्यायला हवी. नाहीतर आगीतून फुफाट्यात, असे व्हायचे. १९९३ मध्ये शेअर बाजारातला बॉम्ब तळघरात उभ्या केलेल्या मोटारीत होता. म्हणजे सगळ्यांना नेऊन वाहनतळावर उभे करणे हा शहाणपणा नव्हे. जमायची जागा गाड्यांपासून आणि काचेच्या इमारतींपासून दूर हवी. ब्रिटनमध्ये यासाठी साधे माप सांगतात : हातात मावणाऱ्या वस्तूपासून निदान १०० मीटर, छोट्या मोटारीपासून २०० मीटर, ट्रकपासून ४०० मीटर. तिथे पोचल्यावर हजेरी घ्या. गरोदर बाई, पाय अधू असलेला सहकारी, बहिरा शिपाई यांना खाली कोणी आणायचे, हे आधीच नावानिशी ठरलेले हवे.

शाळेतून निरोप आला तर

नोकरी न करणाऱ्या भगिनींनाही हे लागू आहे. मुलांच्या शाळेला धमकी आल्याचे ऐकले की आपला जीव अर्धा होतो, हे कळते. पण सगळे पालक स्कूटरी घेऊन फाटकाशी गोळा झाले तर पथकाची गाडी आत जाणार कशी? शाळेने सांगितलेल्या जागीच थांबा. शाळेचा फोन सतत फिरवू नका. कानावर आलेली बातमी पुढे पाठवू नका. मुलाला आणायला कोणी जायचे, आजोबा की काकू, हे घरात आजच ठरवा आणि शाळेला लिहून द्या.

घरात आठवी-नववीचा मुलगा असेल तर त्याला हेही सांगा, की परीक्षा टळावी म्हणून गमतीने केलेला फोनही गुन्हाच आहे. नाव लपवून धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे धमकीच्या मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खिडकीशी आलेला संतापी माणूस

बॉम्बची धमकी आयुष्यात एखादे वेळी येईल. पण खिडकीवर हात आपटणारा, "बघून घेईन" म्हणणारा माणूस महिन्यातून एकदा तरी येतोच. तिथेही आधी ठरवलेलेच कामाला येते.

तुमची खुर्ची अशी हवी की दार तुमच्या बाजूला असावे, त्याच्या बाजूला नव्हे. टेबलावर कात्री, जड पेपरवेट, पितळी घंटा मांडून ठेवू नका. त्याच्या आवाजावर आवाज चढवू नका आणि "शांत व्हा, शांत व्हा" असेही म्हणू नका, त्याने माणूस आणखी भडकतो. "तुमचं काम अडलंय, मला कळतंय, मोठ्या साहेबांना विचारते" म्हणत उठावे. एक सांकेतिक वाक्य ठरवा. समजा, "जुनी निळी फाइल आणा" असे म्हटले की शिपाई दोघांना घेऊन आला पाहिजे. संध्याकाळी उशिरा एकटीने खिडकी चालवायची वेळ आणू नये, हे वरिष्ठांना लेखी सांगायला संकोच करू नका.

दवाखान्यात काम करणाऱ्या नर्सताई, आयाबाई, डॉक्टर यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा खास कायदा आहे. त्यांच्यावर हात उचलणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि त्रास देणारा बाहेरचा नसून कचेरीतलाच पुरुष असेल तर? लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे तक्रार समिती हवीच. त्याहून लहान जागी काम करणारीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार सहसा तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

जे कोणी बोलत नाही

शेवटी एक नाजूक गोष्ट. कित्येक जणींना धमकी देणारा माणूस अनोळखी नसतो. तो घरचाच असतो. घरात मारहाण करणारा नवरा, बायको माहेरी निघून गेली की तिला गाठायला तिच्या ऑफिसच्या दारात उभा राहतो. कारण तिचा पत्ता बदलला तरी नोकरीची जागा आणि सुटायची वेळ त्याला पाठ असते. ती मात्र लाजेने गप्प बसते. "ऑफिसात कळलं तर लोक काय म्हणतील?"

मैत्रिणींनो, इथे लाज आपण का धरावी? एका विश्वासू वरिष्ठाला सांगा. पहारेकऱ्याकडे त्याचा फोटो द्या. फोनवर कोणी विचारले तर तुमची पाळी, घरचा पत्ता, सुटीचा दिवस सांगायचा नाही, अशी सूचना देऊन ठेवा. दाराजवळची जागा बदलून घ्या. सुटताना रिक्षापर्यंत कोणीतरी बरोबर असू द्या. त्याचे मेसेज पुसू नका.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ नुसार, त्याने तुमच्या कामाच्या जागी पाऊलही टाकू नये, असा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. मुलांच्या शाळेसाठीही तसा हुकूम मागता येतो. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्जासाठी जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते. हुकमाची एक प्रत पर्समध्ये, एक पहारेकऱ्याकडे आणि एक जवळच्या पोलीस ठाण्यात असावी.

आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हल्ली सुटायच्या वेळी घाबरीघुबरी होते, फोन वाजला की दचकते, असे दिसले तर चौकशांचा भडिमार नको. "आज मी तुझ्याबरोबर स्टँडपर्यंत येते" एवढेच म्हणा.

या आठवड्याचे काम

सोमवारी कचेरीत गेल्यावर चार प्रश्न विचारा. धमकीचा फोन आला तर मी कोणाला सांगायचे? ते रजेवर असतील तर कोणाला? बाहेर पडल्यावर जमायचे कुठे? आणि आपले सांकेतिक वाक्य कोणते? उत्तर "बघू, वेळ आल्यावर" असे मिळाले, तर वरचा मजकूर कापून साहेबांच्या टेबलावर ठेवा. लोणच्याची बरणी पावसाळ्यापूर्वीच भरायची असते, हे त्यांच्या घरीही माहीत असेलच!