चौथी गादी कोणाची?

शहापूर-मुरबाडकडची घरे गेल्या दहा-पंधरा वर्षांत झपाट्याने बदलली. समृद्धी महामार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हाती मोबदला आला, आसनगाव-वासिंदच्या बाजूने बिल्डर सरकत आले, मुंबईत किंवा आखातात कमावणाऱ्यांनी कौलारू घर उतरवून स्लॅब टाकला. हे सगळ्याच जातिधर्मांत झाले. मुसलमान घरांत मात्र या बदलासोबत एक दावाही शिरला. मार्बलचे, उंच कुंपणाचे, भिंतीवर सोनेरी अरबी अक्षरे मिरवणारे नवे घर म्हणे ‘इस्लामी’. आणि कारवीच्या कुडाचे, सारवलेल्या जमिनीचे, पुढे उघडी पडवी असलेले जुने घर दीनच्या दृष्टीने कच्चे. हा दावा मला मुळीच मान्य नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण त्यात एक मुद्दा खरा आहे. शेण नापाक आहे. इकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, बाहेरून येऊन स्थिरावलेले बरेचसे हनफी; दोन्ही मजहबांत गाईचे शेण नापाकच धरतात. मग आपल्या आज्या-पणज्यांनी सारवलेल्या जमिनीवर नमाज पढली ती वाया गेली का? नाही. वाळलेल्या जमिनीवर स्वच्छ चटई अंथरली की नमाज होते, हेही त्याच फिकहात लिहिले आहे आणि त्या बायांना ते ठाऊक होते. घराच्या कोपऱ्यात चटईची गुंडाळी उभी असे ती त्यासाठी. आता फरशी आली, हे उत्तम झाले. दर चार दिवसांनी कंबर वाकवून सारवणारी कुठलीही बाई पुन्हा शेणाकडे वळणार नाही आणि मीही तिला तसे सांगणार नाही. घर ऐसपैस असणे हे तर पैगंबरांनी सुखाच्या गोष्टींत मोजले आहे. माझे भांडण फरशीशी नाही. फरशी घातली म्हणजे घर दीनदार झाले, या समजुतीशी आहे.

कच्च्या घराला हलके मानणाऱ्यांनी मदिनेतल्या खोल्या आठवाव्यात. पैगंबरांच्या बायकांची घरे कच्च्या विटांची होती; काहींच्या भिंती खजुराच्या फांद्यांवर चिखल लिंपून उभ्या केल्या होत्या. कारवीच्या काठ्यांवर माती लिंपली की आपला कूड होतो. तो याहून निराळा कुठे आहे? छत इतके ठेंगणे की पुढे विद्वान म्हणून गाजलेल्या हसन बसरींचा हात लहानपणी त्याला लागत असे. पुढे खलिफा वलीदच्या काळात मशीद वाढवण्यासाठी त्या खोल्या पाडल्या, तेव्हा मदिनेतले लोक रडले. त्या तशाच राहू द्यायला हव्या होत्या, पुढच्या पिढ्यांनी पाहिले असते की रसूल किती थोडक्यात राहिले, असे म्हणणारे विद्वान तेव्हाही होते.

आता भिंतींकडे येऊ. पुष्कळ नव्या घरांच्या दर्शनी भागावर ‘हे माझ्या रबच्या कृपेने’ अशा अर्थाची अरबी पाटी असते. कुराणात हे उद्गार सुलैमान अलैहिस्सलाम यांचे आहेत, राणीचे सिंहासन समोर आल्यावरचे. पण ते तिथे थांबत नाहीत. मी कृतज्ञ राहतो की कृतघ्न होतो याची ही परीक्षा आहे, असे ते लगेच पुढे म्हणतात. पाटीवर तेवढा भाग कधी कोरलेला दिसत नाही. संगमरवरात जागा पुरत नसावी.

आतल्या फ्रेम, स्टिकर, जरीचे तुघरे हराम आहेत असे मी म्हणत नाही. पण ज्या हदीसच्या आधारे लोक चित्रांवर तावातावाने बोलतात, ती पुरती वाचावी. हजरत आयेशांनी दाराला नक्षीचा पडदा लावला होता. पैगंबरांनी तो उतरवला आणि सांगितले की दगडमातीला कपडे चढवण्याची आज्ञा अल्लाने आपल्याला दिलेली नाही. त्या कापडाच्या आयेशांनी उशा केल्या आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. म्हणजे कापड चालते, रंगही चालतो, भिंतीचे कौतुक तेवढे नको. कापड माणसाच्या पाठीखाली आले आणि प्रश्न संपला.

उलट बाजूनेही एक आक्षेप येतो, बहुधा शिकल्यासवरल्यांकडून: या धर्माला सौंदर्याचेच वावडे आहे, घर कसे सजवायचे त्यातही मौलवी. याला फार शब्द खर्चायला नकोत. अल्लाने आपल्या बंद्यांसाठी काढलेली शोभा हराम कोणी केली, असा सवाल खुद्द कुराण करते. घरे विसाव्यासाठी दिली, लोकर आणि केसांपासून घरातले सामान दिले, हे त्यात उपकार म्हणून सांगितले आहे. शैली कोणतीच सांगितलेली नाही. त्यामुळे तुर्की झुंबर अधिक इस्लामी आणि सागाच्या खांबांची ओटी कमी, असा हिशेब कुठल्याच किताबात सापडणार नाही.

दिशेचेही तसेच. शौचालयात किब्ल्याकडे तोंड वा पाठ नको म्हणून नवे प्लॅन मोडून घेणारे आहेत. हनफींनी तसे करणे बरोबर, कारण त्यांच्या मते ही बंदी बांधीव आडोशातही लागू आहे. इकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. भांडे दक्षिणोत्तर ठेवले की झाले. शाफईंच्या मते मात्र बांधीव आडोशात ही बंदी लागू नाही. शेजाऱ्याचा मजहब न विचारता त्याच्या मोरीवर फतवा देऊ नये.

परद्याच्या नावाखाली कुंपणे चढतात, त्याबद्दल थोडे सविस्तर. कुराणात घराच्या खाजगीपणाचा नियम भिंतीवर टाकलेला नाही, येणाऱ्यावर टाकला आहे. परवानगी मागा, सलाम करा, परत जा म्हटले तर मुकाट्याने परत जा. घरातल्या मुलांनीसुद्धा दिवसातल्या तीन वेळा विचारूनच आत यावे. परवानगीचा नियम नजरेसाठी आहे, हे पैगंबरांनी स्पष्ट केले. आपल्याकडे पाहुणा अंगणात उभा राहून ‘घरात आहे का कोण?’ अशी हाक मारतो, उत्तर आल्यावर पडवीत टेकतो आणि माजघराकडे पाहत नाही. ही चाल सगळ्या गावाची, आणि नियमाला तंतोतंत धरून. आता आठ फुटी भिंत, वर काचा आणि गेटवर कॅमेरा. कॅमेऱ्याचे तोंड बरेचदा शेजाऱ्याच्या दाराकडे असते. नजर आवरण्याचा हुकूम कॅमेऱ्याच्या मालकाला लागू नाही काय?

सामानाची गोष्ट सर्वांत कडू आहे. सहीह मुस्लिममध्ये जाबिर यांची हदीस आहे. एक बिछाना पुरुषाचा, एक त्याच्या बायकोचा, तिसरा पाहुण्याचा आणि चौथा सैतानाचा, असा तिचा आशय. शाफईंचे थोर भाष्यकार इमाम नववी यांनी तिचा अर्थ असा लावला की गरजेपलीकडे मिरवण्यासाठी जमवलेले सामान निंद्य आहे. मुले चार असतील तर चार गाद्या लागतील, त्याला कोणी सैतान म्हणत नाही. पण मुरबाडच्या माळावर वर्षातून दोनदा उघडणारा, बाकी काळ कुलूपबंद असलेला पाच बेडरूमचा बंगला कितव्या गादीत मोजायचा?

ही चौथी गादी बहुतेक घरांत येते ती नवरीच्या बापाच्या पैशाने. कपाट, सोफा, पलंग, वॉशिंग मशीन. यादी मुलाकडून जाते आणि वर ‘जहेज-ए-फातिमा’चा दाखला दिला जातो, म्हणजे पैगंबरांनीही लेकीला सामान दिले होते ना? काय दिले होते ते पाहू. एक लोकरी चादर, पाण्याची एक मशक आणि गवत भरलेली कातडी उशी. फातिमांचे पती अली लहानपणापासून पैगंबरांच्याच घरात वाढलेले, त्यांचा वेगळा संसार नव्हता. तो मांडून द्यायला दुसरे कोणी नव्हते. शिवाय मेहरसाठी अलींनी स्वतःचे चिलखत मोडले. म्हणजे दाखला द्यायचाच तर नवऱ्या मुलाने आधी आपली मोटारसायकल विकावी. चादर, मशक आणि उशीचे नाव सांगून एका शेतकऱ्याला कर्जात घालणे हा पैगंबरांच्या घराचा अपमान आहे.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. शहापूर तालुक्यात तो टाळून घराबद्दल बोलताच येत नाही. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते, भातसाही देते. मुरबाडकडच्या बारवीचे पाणी कल्याण-अंबरनाथकडे जाते. आणि एप्रिल-मेमध्ये याच भागातल्या पाड्यांवर बाया टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असतात. पैगंबर एका मुद पाण्यात वजू करत, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मुद म्हणजे मध्यम माणसाच्या भरल्या ओंजळीचे माप. मजहबागणिक हिशेब बदलतो, पण लिटरच्या फार पलीकडे जात नाही. जुन्या घरात वजूला बदना असे, तो रिकामा झाला की वजू संपे. आता तोटी सोडून हात, तोंड, पाय निवांत धुतले जातात आणि त्याला पाकी म्हणतात. नदीकाठीही वजूत पाणी उधळू नये, या प्रसिद्ध हदीसची सनद काही मुहद्दिसांना कमजोर वाटते. तिच्याशिवायही माझे काम भागते, कारण उधळे लोक सैतानाचे भाऊ हे खुद्द कुराणात आहे. डोळखांबच्या बाजूला बोअर चारशे फूट गेली तरी कोरडी निघते, तिथे मार्बल रोज पाइपाने धुणाऱ्याला हे ऐकवायला कोणाची हरकत नसावी.

या दोन्ही तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एवढ्या पावसात पावणेदोन लाख लिटरहून जास्त पाणी उतरते आणि गटाराला मिळते. त्यातले दहा हजार लिटर जमिनीखालच्या टाकीत साठले तरी उन्हाळ्यात आपली वजू भागेल आणि शेजारच्या घरी दोन हंडे देता येतील. पावसाळा सरल्यावर ज्यांचे बांधकाम सुरू व्हायचे आहे, त्यांना एवढीच विनंती: झुंबराचे पैसे टाकीत घाला, आणि नवरीच्या बापाकडे पाठवायची यादी फाडून टाका.