कातडे कमावणारा काय कमावतो?

कमावणे या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. घाम गाळून पैसा मिळविणे हा एक, व कच्चे कातडे टिकाऊ करणे हा दुसरा. परंतु नवल असे, की पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावीत आलेल्या ढोर बांधवांच्या घरात पैसा साठला नाही, आणि ज्यांच्या घरात साठला त्यांनी कातड्याला बोट लावले नाही. हे असे का झाले, याचा विचार शेतकरी व कारागीर वाचकांनी आज आमच्याबरोबर करावा.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. जनावर मेल्यावर कातडे काही तासांतच सडू लागते. म्हणून ते लगेच सोलून त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे मीठ आतल्या बाजूस चोळतात. पुढे स्वच्छ पाण्यात भिजवून ते चुन्याच्या हौदात काही दिवस ठेवतात. चुन्याने कातडे फुगते व केसांची मुळे सैल होतात. मग केस व आतले मांस खरडून, कोंड्याच्या आंबलेल्या पाण्याने चुना काढून टाकतात. यानंतर खरी कसोटी येते. कुटलेली बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी आधी पातळ द्यायचे, मग दिवसेंदिवस कडक करीत जायचे. पहिल्याच दिवशी कडक पाणी दिले तर वरचा थर बंद होऊन आतले कातडे कच्चेच राहते. शेवटी कातड्याची पिशवी शिवून टांगतात, तीत साल व पाणी भरतात, आणि काही दिवसांनी उलटी करून पुन्हा भरतात. मग धुऊन, सावलीत वाळवून, तेल देतात. सगळे मिळून महिना-दीड महिना लागतो. या कामात लोखंडी भांडे चालत नाही, कारण सालीच्या पाण्याला लोखंड लागले की कातड्यावर काळे डाग पडतात.

सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट धरते, त्यामुळे ते कुजत नाही, हे रसायनशास्त्र सांगते. ज्या माणसाला शाळेचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याने हे शास्त्र हाताच्या स्पर्शाने व नाकाच्या वासाने साधले. तरी पोथी घोकणारा विद्वान ठरला आणि हा अस्पृश्य! या विद्येच्या जोरावर गावाची मोट चालली, नाडा ओढला गेला, पायात वहाण आली. मोटेच्या पाण्याने सोवळ्याचे मळेही पिकले. ते पाणी मात्र कधी बाटले नाही.

१९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश केला. जन्माने लादलेले काम झुगारणे हा माणुसकीचाच मार्ग होता व आहे. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात फटके मारण्यात आले. काम करावे तर फटके, न करावे तर उपास! अशा स्थितीत कोणाचा मुलगा आनंदाने हौदावर उभा राहील?

मग ही विद्या बुडू द्यावी काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. काम जातीपासून सोडवावे व विद्या म्हणून सर्वांना द्यावी. सत्य ते सत्य म्हणून सांगतो, कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी ब्राह्मण कुळात जन्मूनही मेलेली जनावरे स्वतः सोलली व कणकवलीच्या गोपुरीत हे काम चालविले. जे एका ब्राह्मणाला जमले, ते आमच्या पाटला-कुणब्याच्या मुलाला का जमू नये?

आज कारखान्यांत क्रोमच्या क्षारांनी मुख्य काम दिवसभरात उरकते. तरी कोल्हापुरी चपलेचे नाव सालीवर कमावलेल्या कातड्यावरच उभे आहे. २०१९ साली त्या नावाला महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांपुरते कायद्याचे संरक्षण मिळाले. २०२५ साली इटलीतील मिलान शहरी एका बड्या कंपनीने तशाच चपला मिरविल्या. ओरड झाल्यावर त्यांची प्रेरणा भारतातील पारंपरिक हातबनावटीच्या चपलांवरून घेतल्याचे कबूल केले. चपलेचा गवगवा झाला, पण हौदात हात घालणाऱ्याची आठवण कोणाला झाली?

म्हणून आमचे सांगणे असे. गावच्या शाळेत सुतारकी, शेतीबरोबर कातडे कमावणेही शिकवावे. शिकविणारा जुना कारागीर गुरुजी म्हणून खुर्चीवर बसावा व त्यास मास्तराइतका पगार मिळावा. हौदाचे पाणी ओढ्यात न सोडता त्याची वेगळी सोय करावी. हातमोजे व बूट ही चैन समजू नये. आणि एक सावधगिरी : जनावर अचानक मरून नाकातोंडातून काळसर रक्त येत असेल तर फाशी रोगाचा संशय धरावा. ते मुळीच सोलू नये, पशुवैद्यास कळवावे व त्याच्या सांगण्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरावे. त्या रोगाची लागण माणसालाही होते.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या गोठ्यातील जनावर मेले की तुम्ही दुसऱ्याची वाट पाहता. यापुढे वाट पाहू नका. शिकणाऱ्यांच्या रांगेत तुमचा मुलगा पहिला उभा राहू द्या. ज्या दिवशी पाटलाचा पोर ढोराच्या वस्तीत जाऊन कारागिराला 'गुरुजी' म्हणेल, त्या दिवशी कमावणे या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदू लागतील.