आठवीनंतरचा आधार

महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाची मूळ अडचण अभ्यासक्रमाच्या काठिण्यात किंवा विद्यार्थ्यांच्या उदासीनतेत शोधली जाते. पण शाळेच्या अपेक्षा ज्या इयत्तेपासून एकदम वाढतात, नेमक्या त्याच इयत्तेपासून शासनव्यवस्था आपला आधाराचा हात आखडता घेते, ही रचनाच त्या अडचणीच्या मुळाशी आहे. ती इयत्ता म्हणजे नववी. यंदाच्या दिवाळी अंकाने माध्यमिक शाळेतील मुलामुलींचा विषय हाती घेतला, तो दहावीच्या निकालाच्या चर्चेत आणखी एक भर घालण्यासाठी नाही, तर निकालाच्या आधीच्या दोन वर्षांत या मुलांकडून काय मागितले जाते आणि त्यांना काय दिले जाते, याचा हिशेब एकदा स्वच्छपणे मांडला जावा म्हणून.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला आणि 6 ते 14 या वयोगटातील प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क मिळाला. मात्र वयाची ही मर्यादा शाळेच्या भाषेत पहिली ते आठवी अशी होते आणि आठवीचा वर्ग संपताच हक्काचे कलम मागे राहते. शालेय पोषण आहाराची खिचडीही आठवीपर्यंतच शिजते. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारी मोफत पाठ्यपुस्तके आणि गणवेश यांची सीमाही तीच आहे. दुसऱ्या बाजूने, बालमजुरीविषयक कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली, तर 14 ते 18 वयोगटातील किशोरांना केवळ धोकादायक उद्योगांतच मज्जाव केला. म्हणजे ज्या वयात शिकण्याचा कायदेशीर हक्क संपतो, त्याच वयात मजुरीची कायदेशीर मुभा सुरू होते. हे दोन कायदे वेगवेगळ्या हेतूंनी आणि वेगवेगळ्या काळात घडले असले, तरी हातावर पोट असलेल्या घरात त्यांचा अर्थ एकत्रच लावला जातो, हे धोरणकर्त्यांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

याच वळणावर शाळेची मागणी वाढते. नववीपासून गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे हे प्रत्येकी दोन भागांचे विषय आणि तीन भाषा असा सहाशे गुणांचा बोजा समोर येतो, आणि पुढच्याच वर्षी राज्य मंडळाची परीक्षा उभी असते. ग्रामीण भारतातील 14 ते 18 वयोगटाच्या 2023 च्या ‘असर’ पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सहजपणे वाचता आला नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून कमी मुलांना सोडवता आले. ज्या मुलाचा भागाकार कच्चा आहे त्याच्यापुढे नववीत बहुपदी आणि निर्देशक भूमिती येते, आणि मधली चार-पाच वर्षांची तूट भरून काढण्यासाठी वेळापत्रकात एकही तास राखलेला नसतो. उलट, दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या विद्यार्थ्यांना नववीतच अडवण्याची किंवा त्यांना 17 नंबरचा अर्ज भरून, म्हणजे शाळेत नियमित न बसता खाजगीरीत्या, परीक्षेला बसण्याचा सल्ला देण्याची पद्धत शिक्षणक्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. निकालाच्या फलकासाठी मूल पटावरून दूर करणे हा त्या मुलावर केलेला उघड अन्याय आहे, आणि त्याला शिस्त किंवा गुणवत्ता अशी नावे देऊ नयेत.

केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ या शालेय माहितीसंकलनानुसार 2024-25 साली देशात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर गळतीचे, म्हणजे मध्येच शाळा सोडण्याचे, प्रमाण 3.5 टक्के होते आणि माध्यमिक टप्प्यावर ते 8.2 टक्के होते. दोन्ही आकडे आधीच्या वर्षापेक्षा खाली आले आहेत, ही समाधानाची बाब आहे. तरीही आठवीचा उंबरठा ओलांडताच गळती दुपटीहून अधिक होते, आणि या वाढीचे कारण मुलांच्या वृत्तीत शोधण्यापेक्षा त्या उंबरठ्यावर काय काय थांबते ते पाहणे अधिक प्रामाणिक ठरेल. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या घरांकडे पाहिले की हे ध्यानात येते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि कोयता घेतलेली जोडपी गाव सोडतात. मुले गावातच राहून शिकावीत म्हणून चालवली जाणारी हंगामी वसतिगृहे प्राथमिक शिक्षणाच्या योजनेतून उभी राहिली, त्यामुळे त्यांचा आधारही मुख्यतः आठवीपर्यंतचा. ऊसतोड कामगारांच्या मोठ्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना अलीकडे सुरू झाली, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जिथे जागा मिळत नाही तिथे नववी-दहावीतील मुलीला एक तर आईवडिलांबरोबर फडावर जावे लागते, नाहीतर धाकट्या भावंडांचे घर सांभाळत गावात राहावे लागते, आणि दोन्ही वाटांवर तिच्या लग्नाची घाई तिची वाट पाहत असते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही त्याने बाहेरून आणलेले नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास जागा व अनुदाने दिली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा त्यांचा निर्णय 1917 चा, म्हणजे वसतिगृहांच्या नंतरचा. खेड्यातून आलेल्या मुलाने शहरातल्या हायस्कुलात टिकावे अशी अपेक्षा करण्यापूर्वी त्याच्या निवाऱ्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय लावली पाहिजे, हा क्रम त्या दरबाराला उमगला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले, ज्याला 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुलांची चूल पेटती राहावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत महाराष्ट्रात श्रद्धेने सांगितली जाते. तिच्यातील शैक्षणिक विचार मात्र पुरेसा ऐकला जात नाही. अन्न हा शाळेचाच भाग आहे, असा तो विचार आहे. 1940 साली साताऱ्यात निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने, म्हणजे शुल्काच्या बदल्यात श्रम देऊन, विद्यार्थी शिकले. रयतेच्या शाळांनी मुलांकडून कमी अपेक्षा ठेवल्या नव्हत्या; शेतात राबून पुन्हा दिव्याखाली अभ्यास करण्याची फार मोठी अपेक्षा ठेवली होती, पण त्या अपेक्षेच्या आधी मुलाचे ताट मांडले होते.

आजही राज्यात माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे, एसटीचा मोफत पास त्यांच्या दप्तरात असतो, मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात आणि त्यांच्यासाठी बसफेऱ्याही चालवल्या जातात. आठवीत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. पण यांतील पुष्कळशा सोयी निवडीवर, तालुक्यावर किंवा कागदपत्रांवर अवलंबून आहेत; उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, आधार जोडणी यांपैकी एखादा दुवा निसटला की लाभ थांबतो, आणि तो दुवा जुळवण्याचे काम अडाणी पालकांवर किंवा एखाद्या कनवाळू वर्गशिक्षकावर येऊन पडते.

अध्ययन अक्षमतेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांत सतत येणाऱ्या विशिष्ट अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. महाराष्ट्राने 1990 च्या दशकातच अशा विद्यार्थ्यांना मंडळाच्या परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्थान दिले. जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत पर्याय अशा सवलती कागदावर उत्तम आहेत. त्यांसाठी लागणारे प्रमाणपत्र मात्र ठरावीक शासकीय रुग्णालयांतून मिळते, आणि तिथवर जाण्याआधी ‘हा मुलगा आळशी नाही’ हे शाळेत कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. अक्राणी किंवा भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यातील वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या, अक्षरांचा क्रम चुकवणाऱ्या मुलापासून अशी सेवा फार दूर आहे.

समुपदेशनाची, म्हणजे मुलाचे म्हणणे निमूटपणे ऐकून त्याला स्वतःची वाट शोधण्यास प्रशिक्षित व्यक्तीने केलेल्या मदतीची, अवस्था याहून बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात दिलेल्या निकालात 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असा निर्देश दिला आणि कायदा होईपर्यंत तो बंधनकारक ठरवला. परंतु पटसंख्येवरून शाळेला किती पदे मिळावीत हे ठरवणाऱ्या संचमान्यतेत मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शिक्षक यांची गणना होते, समुपदेशकाच्या स्वतंत्र पदाची होत नाही; मग अनुदानित शाळेने त्या व्यक्तीचे वेतन कोठून द्यावे, या प्रश्नाला शासनाने उत्तर दिले पाहिजे. परीक्षेच्या काळात मंडळाचे समुपदेशक दूरध्वनीवर उपलब्ध असतात आणि ‘टेलिमानस’ची 14416 ही सेवा वर्षभर अहोरात्र चालू असते, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. मात्र वडिलांच्या दारूमुळे झोप न झालेली किंवा येण्याजाण्याच्या रस्त्यावर त्रास सोसणारी नववीतली मुलगी दूरध्वनीपेक्षा वर्गाबाहेरच्या, दार लोटता येईल अशा खोलीत, ओळखीच्या माणसापाशी अधिक लवकर बोलते.

या अंकातील लेखकांची मते सर्व बाबतींत जुळणारी नाहीत. परीक्षा सोपी करावी की नाही, नापास करावे की नाही, यांवर त्यांच्यात गंभीर मतभेद आहेत आणि ते वाचकांसमोर जसेच्या तसे ठेवले आहेत. संपादकीय भूमिका मात्र स्पष्ट आहे. पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तके दहावीपर्यंत न्यावीत. नववीच्या पहिल्या सत्रात वाचन आणि अंकगणिताची तूट भरण्यासाठी रोजचा एक तास राखावा. समुपदेशकाचे पद संचमान्यतेत यावे, आणि लहान शाळांसाठी निदान केंद्रस्तरावर, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटासाठी, एक फिरते पद असावे. शाळेचे मूल्यमापन करताना दहावीच्या निकालाबरोबर नववीत दाखल झालेल्यांपैकी किती विद्यार्थी दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचले, हा आकडाही मोजावा. शेवटच्या सूचनेला फारसा खर्च नाही आणि मुलांना पटावरून दूर करण्याच्या पद्धतीला तीच सर्वाधिक आळा घालील. उरलेल्या सूचनांना पैसा लागेल. पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पासाठी शासकीय विभागांची अंदाजपत्रके हिवाळ्याच्या तोंडावर तयार होऊ लागतात, म्हणून शाळा व्यवस्थापन समित्या, पालक-शिक्षक संघ, शिक्षक संघटना आणि ग्रामसभा यांनी आपापल्या शाळेतील नववी-दहावीच्या मुलांच्या गरजांचा लेखी तपशील याच काळात जिल्हा परिषदेकडे आणि आपल्या आमदारांकडे पोचवावा.