छत नसलेल्यांचा प्रश्न सभागृहात कोण विचारणार?

पंतप्रधान सूर्यघर योजनेवर संसदेत खासदार प्रश्न विचारतात. उत्तरात किती घरांवर पॅनल बसले, त्याचा आकडा मिळतो. पण किती घरे या योजनेत येऊच शकत नाहीत, हेही कोणीतरी विचारायला हवे.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे, खर्च ७५ हजार कोटींचा. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. पण त्यासाठी पॅनल बसवता येईल असे छत हवे. मुंब्रा, भिवंडी, मालेगावात आपली कितीतरी कुटुंबे भाड्याच्या खोलीत, नाहीतर पत्र्याखाली राहतात. सोसायटीला अनुदान आहे, पण ते लिफ्ट, पंप अशा सामाईक वापरासाठी. घरातले बिल आहे तेवढेच राहते.

मग भाडेकरूने काय करायचे? २०१५ च्या उजाला योजनेत स्वस्त एलईडी बल्ब मिळाले. त्यासाठी कोणी छत विचारले नाही. पंख्यांचेही तसेच व्हावे. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. पण तो महाग, म्हणून आपण जुनाच पंखा वाइंडिंग करून पुन्हा टांगतो.

इसराफ करू नका, असे आपण मुलांना शिकवतो. पण वीज वाचवणारी वस्तू परवडली तरच बचत होते. आपल्या आमदार-खासदारांकडे निवेदन घेऊन जाऊ, तेव्हा हा प्रश्न त्यात पहिला लिहू या.