श्रीपेरुंबुदूरचे कामगार आणि न्याय्य व्यापाराचा प्रश्न

चेन्नई : कॉफी, चहा, कापूस अथवा हस्तकलेच्या वस्तूंवर ‘न्याय्य व्यापारा’ची मुद्रा असली, की उत्पादकाला ठरलेला किमान भाव आणि सामुदायिक कामांसाठी वर काही रक्कम मिळाली असल्याची हमी ग्राहकाला मिळते. १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर ‘मॅक्स हॅवेलार’ या नावाने अशी पहिली मुद्रा उमटली. हस्तकारागिरांचा माल याच मार्गाने परदेशी पाठविणारी ‘सिपा’ ही संस्था चेन्नईतलीच. मात्र चेन्नईच्या परिसरातून आज जगाच्या बाजारात जातात त्या मोटारी आणि मोबाइल संच. अशा मालावर ही मुद्रा सहसा आढळत नाही. तेथे नीतीची हमी देते ती खरेदीदार कंपनीने स्वतःच लिहिलेली आचारसंहिता.

या हमीची कसोटी डिसेंबर २०२१ मध्ये लागली. श्रीपेरुंबुदूरजवळ अ‍ॅपलसाठी आयफोन जुळविणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यातील स्त्रिया ज्या वसतिगृहांत राहत होत्या, त्यांपैकी एकात अन्नातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. जमिनीवर दाटीवाटीने झोपणे आणि पाण्याविना शौचालये ही त्या वसतिगृहांची स्थिती तेव्हा उजेडात आली. संतप्त कामगार स्त्रियांनी चेन्नई–बंगळूरु महामार्ग रोखला आणि कारखाना बंद पडला. वसतिगृहे व भोजनगृहे आपल्या निकषांत बसत नसल्याची कबुली अ‍ॅपलने त्यानंतर दिली आणि कारखान्याला देखरेखीखाली ठेवले. १२ जानेवारी २०२२ रोजी उत्पादन टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाले.

अ‍ॅपलची पुरवठादारांसाठीची आचारसंहिता २००५ पासून अस्तित्वात आहे. म्हणजे नियमांची वाण नव्हती. नियम मोडल्याची वर्दी कोणी द्यावी आणि दिल्यास तिची नोकरी टिकेल काय, हा खरा प्रश्न होता. परगावाहून आलेली, कंत्राटदाराच्या छपराखाली राहणारी तरुणी पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढे मोकळेपणाने बोलेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अखेर वर्दी दिली ती महामार्गाने.

त्याच पट्ट्यातील सॅमसंगच्या कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेला संप ३७ दिवस चालला. शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच आणि धुलाई यंत्रे तयार करणाऱ्या या कारखान्यातील हजारावर कामगार त्यात उतरले होते. वेतनवाढीइतकीच मोठी मागणी होती ती सीटूप्रणीत संघटनेला मान्यता देण्याची. संघटनेच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द नको, तो आपले व्यापारचिन्ह आहे, असा कंपनीचा आक्षेप होता. ज्या नावासाठी माणसे राबतात, ते नाव त्यांच्या संघटनेला वर्ज्य, असा हा युक्तिवाद! प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी मिळाली. पुढे मे महिन्यात कंपनी आणि संघटना यांच्यात वेतनकरार झाला.

ही नोंदणी झाली ती १९२६ च्या कामगार संघटना कायद्यान्वये, आणि त्या कायद्याचे मूळही याच शहरात आहे. २७ एप्रिल १९१८ रोजी बी. पी. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली मद्रास लेबर युनियन ही देशातील पहिली संघटित कामगार संघटना मानली जाते. बकिंगहॅम व कर्नाटिक या गिरण्या चालविणाऱ्या बिनी कंपनीने १९२० मध्ये वाडियांवर दावा लावला आणि मद्रास उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला. कामगारांना संघटित करणे म्हणजे त्यांना करारभंगास चिथावणे, असाच त्याचा अर्थ होत होता. हा धोका ओळखून १९२१ च्या मार्च महिन्यात केंद्रीय विधिमंडळात संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला तो नारायण मल्हार जोशी यांनी. मुंबईच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीगचे काम उभे करणाऱ्या ना. म. जोशींचे नाव महाराष्ट्रात आज प्रामुख्याने लोअर परळच्या रस्त्यापुरते उरले आहे. मद्रासच्या खटल्याशी असलेला त्यांचा हा संबंध फारसा सांगितला जात नाही.

खरेदीदाराची संहिता आणि कामगारांची संघटना एकत्र आणण्याचा एक प्रयोगही तामिळनाडूतच झाला. जानेवारी २०२१ मध्ये दिंडिगुल जिल्ह्यातील एका कापडनिर्मिती कारखान्यातील तरुण कामगार स्त्रीची हत्या झाली. लैंगिक छळाच्या अनेक तक्रारी त्यानंतर पुढे आल्या. एप्रिल २०२२ मध्ये दलित स्त्रियांचे नेतृत्व असलेली टीटीसीयू ही संघटना, ईस्टमन एक्सपोर्ट्स ही पुरवठादार कंपनी आणि एच अँड एम ही खरेदीदार कंपनी यांच्यात बंधनकारक करार झाला. गॅप आणि पीव्हीएच या कंपन्याही पुढे त्यात सामील झाल्या. कारखान्यातील स्त्रियांमधूनच प्रशिक्षित निरीक्षक नेमण्यात आल्या. पुरवठादाराने करार मोडल्यास खरेदीदाराने व्यापारी कारवाई करावी, असे बंधन घालण्यात आले. पाहुण्या पाहणी अधिकाऱ्याच्या जागी शेजारच्या यंत्रावरची बाई आली, हा फरक मुद्रेपेक्षा मोठा आहे.

दरम्यान १९२६ चा कायदा इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती असलेली संपाच्या किमान १४ दिवस आधीच्या सूचनेची अट तिने सर्वच उद्योगांना लावली. एकापेक्षा अधिक संघटना असल्यास एकट्याने वाटाघाटी करण्यासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा आवश्यक ठरला आहे. श्रीपेरुंबुदूरमध्ये यापुढे उभ्या राहणाऱ्या संघटनांना आता याच संहितेखाली नोंदणी मागावी लागेल.