आधी सर्व्हर बिघडवून बघा



रमजानमध्ये तरावीहनंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर एका मुलाने मला थांबवले. त्याच्या हातात एका क्लासचे माहितीपत्रक होते. सहा महिन्यांचा डेव्हऑप्स आणि क्लाउडचा कोर्स, फी नव्वद हजार, आणि खाली ठळक अक्षरांत 'शंभर टक्के प्लेसमेंट'. वडील रिक्षा चालवतात, अर्धी रक्कम ते उधार-उसनवार करून उभी करणार होते. "भाई, घेऊ का ॲडमिशन?"

मी विचारले, लिनक्स कधी वापरले आहेस? नाही. घरी कॉम्प्युटर? चुलतभावाचा जुना लॅपटॉप आहे, स्लो चालतो.

मग मी त्याला नको म्हणालो. का, ते पायऱ्यांवर पाच मिनिटांत सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

पूर्वी प्रोग्राम लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे असे दोन वेगळे विभाग असत. पहिल्यांना रोज काहीतरी बदलायचे असे, दुसऱ्यांना वाटे की काहीच बदलू नये, कारण बदल झाला की रात्री फोन त्यांनाच येई. या भांडणातून डेव्हऑप्सचा विचार पुढे आला. २००९ मध्ये पॅट्रिक डेब्वा यांनी बेल्जियममधील गेंट शहरात 'डेव्हऑप्स डेज' हे पहिले संमेलन भरवले आणि तिथून हा शब्द रूढ झाला. त्याच्या तीन वर्षे आधी, २००६ मध्ये, ॲमेझॉनने एस३ आणि ईसी२ या सेवा सुरू करून साठवण आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. सर्व्हर विकत घेण्याऐवजी तासावर घेता येऊ लागला. आज त्याच क्लाउडची डेटा सेंटर्स आपल्या मुंबईतही आहेत.

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हे काम माझ्यापेक्षा लवकर समजेल. लूमवर कापड काढणारा कारागीर वेगळा आणि लूम चालू ठेवणारा मिस्त्री वेगळा. मिस्त्री आवाज ऐकून सांगतो की काय सैल झाले आहे. त्याला सर्टिफिकेट कोणी विचारत नाही, मशीन चालू झाले का एवढेच विचारतात. आमचे काम त्या मिस्त्रीचे आहे, फक्त आमचा लूम डोळ्यांना दिसत नाही.

या कामात काय पणाला लागते, ते एका घटनेवरून सांगतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक इंजिनिअर उशिरापर्यंत डेटाबेसची अडचण सोडवत होता. आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असे समजून त्याने डेटाबेसचा फोल्डर पुसायची कमांड दिली. तो होता मुख्य सर्व्हर. चूक लक्षात येऊन त्याने हात थांबवला तोपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअपची पाच साधने होती, त्यातले एकही धडपणे चालत नव्हते. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे घेतलाच जात नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेल पलीकडचा सर्व्हर नाकारत होता. म्हणजे धोक्याची घंटा वाजत होती, पण ती कोणापर्यंत पोहोचत नव्हती. नशिबाने सुमारे सहा तास आधी चाचणीसाठी घेतलेली एक प्रत सापडली. तेवढ्यावर सगळे परत उभे राहिले, मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कंपनीने काय घडले ते सगळे जाहीर लिहिले, दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि त्या इंजिनिअरवर खापर फोडले नाही. माझ्याकडूनही एकदा चुकीच्या सर्व्हरवर सेवा बंद झाली होती. त्यानंतरची पहिली दहा मिनिटे मी दुरुस्तीत नाही, तर हे कोणाला कळेल का या विचारात घालवली. दुसऱ्याचा डेटा आपल्या हाती अमानत असतो, हे लहानपणापासून ऐकलेले असूनही. तोंडाने अमानत म्हणणे आणि चॅटवर "माझ्याकडून झाले" असे टाइप करणे यात बरेच अंतर आहे.

हे सर्टिफिकेट शिकवत नाही. सर्टिफिकेट वाईट नाही, अर्ज चाळणाऱ्याच्या नजरेत भरते. पण मुलाखत घेताना मी विचारतो: वेबसाइटवर ५०२ दिसतो आहे, आधी कुठे बघशील? ज्याने हे कधी अनुभवले आहे तो लगेच सांगतो की दारातला वेब सर्व्हर उभा आहे, पण मागचा प्रोग्राम पडला असावा. ज्याने फक्त प्रश्नसंच पाठ केले आहेत, तो क्लाउडच्या सेवांची नावे सांगू लागतो.

म्हणून चुलतभावाच्या त्या स्लो लॅपटॉपवर उबुंटू टाक. एनजिनएक्स चालू कर आणि मग मुद्दाम बिघडव. डिस्क भरून टाक. फाइलच्या परवानग्या काढून घे. मोठी लॉग फाइल पुसून बघ, तरी जागा मोकळी का होत नाही ते शोध (प्रोग्रामने ती अजून धरून ठेवलेली असते). डीएनएस, पोर्ट, फायरवॉल हे शब्द वाचून नाही, अडकूनच कळतात. यात तीन-चार महिने गेले तरी चालतील. सोबत गिट आणि थोडे पायथन. डॉकर त्यानंतर, मग टेराफॉर्म. कुबरनेटीस सर्वांत शेवटी, कितीही मोह झाला तरी.

क्लाउडवर खाते उघडशील त्या दिवशी पहिले काम बजेटचा अलर्ट लावणे. सर्व्हर थांबवला तरी त्याच्या डिस्कचे पैसे चालूच राहतात, हे अनेकांना बिल आल्यावर कळते. आणि खात्याची गुप्त किल्ली चुकूनही गिटहबवर टाकू नकोस. अशा किल्ल्या शोधणारे बॉट सतत फिरत असतात.

आता नोकरीचे खरे सांगतो, कारण माहितीपत्रक सांगणार नाही. डेव्हऑप्स इंजिनिअर म्हणून फ्रेशरला थेट घेणाऱ्या जागा थोड्या असतात. बहुतेक जण सपोर्ट, टेस्टिंग किंवा सर्व्हर मॉनिटरिंगच्या शिफ्टमधून आत येतात. त्यात कमीपणा नाही. रात्रपाळी असते, रमजानमध्ये सहरी कधीकधी कीबोर्डसमोर होते. पुण्यात नाव ऐकून भाड्याची खोली नाकारणारेही भेटतात, तेही लपवत नाही. आपल्या मुली या कामात आल्या तर घरच्यांनी रात्री दोनच्या कॉलकडे संशयाने नव्हे, डॉक्टरच्या कॉलसारखे बघायला हवे. व्याजाच्या किंवा सट्ट्याच्या ॲपचे काम घ्यावे का, हा प्रश्न मला वारंवार येतो. तो विश्वासू आलिमांना विचारावा, मी फक्त सर्व्हर सांभाळतो.

आणि एक तक्रार आपल्याच समाजाकडे. दरवर्षी निकाल लागले की गुणगौरव सोहळे होतात. मंडप, शाली, ट्रॉफ्या, दोन तासांची भाषणे. ट्रॉफी घेऊन घरी गेलेल्या मुलाकडे कॉम्प्युटर आहे का, हे कोणी विचारत नाही. एका सोहळ्याच्या खर्चात कंपन्यांनी काढून टाकलेले चार-पाच जुने लॅपटॉप येतात. लिनक्सला पैसे पडत नाहीत. अंजुमनच्या लायब्ररीतली एक खोली आणि रविवारी असरनंतरचे दोन तास, एवढेच लागते. आपल्या शहरांत आयटीत काम करणारे भाऊ-बहीण आता कमी नाहीत. त्यांना भाषणाला न बोलावता या खोलीत बोलवा.

त्या मुलाने कोर्स घेतला नाही. वडील माझ्यावर थोडे नाराज आहेत, त्यांना प्लेसमेंटची हमी मी दिली नाही म्हणून. ईदनंतर आठवड्याने त्याचा मेसेज आला: "भाई, डिस्क फुल केली, आता लॉगिनच होत नाहीये." मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच पुन्हा मेसेज आला, "झाले," आणि खाली त्याने काय काय केले त्याच्या सतरा ओळी.