आज्ञावलीसाठी एडिटर निवडताना

बर्कले येथे बिल जॉय यांचा ‘व्हीआय’ आणि एमआयटीतील ‘ईमॅक्स’ १९७६ च्या सुमारास आकारास आले. यांपैकी श्रेष्ठ कोणता, हा वाद तेव्हापासून संप्रदायभेदाच्या आवेशाने चालला आहे. शब्दसूचीसाठी स्वतः आज्ञावली लिहिणाऱ्या साहित्याभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही. त्याची कसोटी निराळी असावयास हवी. ‘दुसऱ्या’ हा साधा शब्द घ्यावा. संगणकात तो किमान दोन प्रकारे साठविला जातो : एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते, तर दुसऱ्यात ‘र’, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोहोंचे रूप एकच. आज्ञावलीच्या लेखी मात्र ते भिन्न शब्द होत. आज्ञावलीत एकच रूप लिहिले गेले, तर दुसऱ्या रूपातील सारे प्रयोग सूचीतून निसटतात आणि कवीची शब्दकळा मोजणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. वर्ड-प्रोसेसर येथे निरुपयोगीच. तो सरळ अवतरणचिन्हेदेखील परस्पर वळवून आज्ञावली मोडतो. ‘ईमॅक्स’ला, तसेच ‘व्हीआय’चा १९९१ मधील वंशज ‘विम’ यालाही, कर्सरखालील चिन्हाचा संकेतांक विचारता येतो. त्यांच्या आज्ञा नवशिक्यास प्रारंभी जाचतात हे खरे. तथापि पाठभेद धुंडाळण्याची सवय असलेल्यास तो जाच फारसा नवा नाही.